अलगदरावांची कुऱ्हाड

अलगदरावांना कुऱ्हाड विकत घ्यायची होती, आणि ही गोष्ट घरात बोलायची सोय नव्हती.

त्यांचं खरं नाव एके काळी दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? पंचेचाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या दाढ्या केल्या, आणि वस्तरा असा फिरवला की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. म्हणून ते अलगदराव. पुढे हात थरथरायला लागले. आधी कप धरताना, मग कंगवा धरताना, आणि एक दिवस पोस्टमास्तरांच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला. जखम एवढीशी. पोस्टमास्तर म्हणाले, "जाऊ द्या हो, दुसरा कान आहे की!" पण अलगदरावांनी त्या संध्याकाळी शटर ओढलं ते ओढलंच. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, वयाचा कंप आहे, गोळ्या घ्या. गोळ्यांनी झोप छान लागायला लागली. हात आपले थरथरतच राहिले.

तेव्हापासून ते मुलाच्या घरी राहत होते. मुलाच्या म्हणायचं आपलं. मुलगा मालवाहू बोटीवर, सहा महिन्यांतून एकदा घरी यायचा. घर चालायचं ते सूनबाईच्या जिवावर. वर दोन खोल्या, खाली तिची बेकरी, आणि मागच्या अंगाला अंगण. बेकरीत विटांची जुनी भट्टी होती आणि त्या भट्टीत लाकडं जळायची. गॅस नाही, वीज नाही. त्या भट्टीतून जाड सालीचा जो गोल पाव निघायचा, तो घ्यायला लोक तीन-तीन गल्ल्या ओलांडून यायचे.

सूनबाई स्वभावाने लाख माणूस, पण सासऱ्यांच्या बाबतीत तिचा एक कायदा होता: बाबांच्या हातात धारेची वस्तू द्यायची नाही. सफरचंद कापून मिळायचं. पेन्सिलीला टोक काढून मिळायचं, तेही शब्दकोडं सोडवायला. "बाबा, तुम्ही बसा" हे वाक्य दिवसातून इतक्यांदा व्हायचं की खिडकीजवळच्या खुर्चीच्या गादीला अलगदरावांचा साचा पडला होता. तिचं चुकत होतं असं नाही. पण पंचेचाळीस वर्षं उभं राहून काम केलेल्या माणसाला बसायला सांगणं म्हणजे काय असतं, हे सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि अलगदराव ते सांगत नव्हते.

अशात लाकूडफोड्या गेला. गेला म्हणजे त्याला दुसऱ्या शहरात ट्रक चालवायची नोकरी लागली, आणि तो आनंदाने, सगळ्यांना पेढ्यांऐवजी बेकरीतलीच बिस्किटं वाटून गेला. अंगणात पत्र्याखाली वर्षभर वाळवलेल्या ओंडक्यांचा अख्खा ट्रकभर ढीग होता, पण फोडणार कोण? सूनबाई पहाटेपासून पीठ मळायची. तिचा उजवा खांदा आधीच कुरकुरत होता. तिने फळ्यांची खोकी आणि जुने दरवाजे जाळून वेळ मारून न्यायला सुरुवात केली. दोन-तीन जणांना विचारलं. एक आला, ढीग बघून कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि "उद्या येतो" म्हणून गेला. तो उद्या काही उगवला नाही.

मंगळवारी रात्रीच्या जेवणात सूनबाई म्हणाली, "सोमवारी सकाळी तो इलेक्ट्रिक भट्टीवाला येतोय. मी सही करणार आहे."

"आणि आपली भट्टी?" अलगदरावांनी विचारलं.

"पाडायची. जागा तेवढीच आहे ना."

"पावाला ती चव येईल?"

"नाही येणार," ती म्हणाली. "पण रोज बेकरी उघडली तर पाहिजे, बाबा. चव घेऊन काय करू?"

रात्री पडल्या पडल्या त्यांनी आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले. हात थरथरत होते, नेहमीसारखे. या हातांनी आता काहीच होणार नाही का? भट्टी वाचावी असं त्यांना वाटत होतंच, पण खरं विचाराल तर त्यांना या एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि ते सोमवारच्या आत हवं होतं.

बुधवारी दुपारी सूनबाई झोपली. बेकरीवाल्यांची रात्र दुपारीच असते. एक ते चार ती मेल्यासारखी झोपायची. अलगदरावांनी चपला हातात घेतल्या, जिना उतरून खाली आले आणि चोरासारखे हार्डवेअरच्या दुकानात गेले.

दुकान चालवायच्या एक बाई. चष्मा दोरीने गळ्यात, बोटं ग्रीसने काळी, आणि जीभ अशी की खिळे विकत घ्यायला गेलेला माणूस दोन टोमणे फुकट घेऊन यायचा. भिंतीवर सात-आठ कुऱ्हाडी टांगलेल्या होत्या. अलगदरावांची नजर सरळ एका सडपातळ, चकचकीत पात्याकडे गेली. त्यांनी ती उतरवायला लावली, अंगठा धारेवर आडवा फिरवला आणि खुश झाले.

"ही द्या."

"काका, झाड तोडायचंय की सरपण फोडायचंय?"

"सरपण."

"मग ती ठेवा परत," बाई म्हणाल्या. "ती तोडायची. फोडायची वेगळी असते." आणि त्यांनी खालच्या फळीवरून एक बसकी, जाडजूड कुऱ्हाड काढून काउंटरवर आदळली. पातं पुढे निमुळतं, पण मागे दोन्ही बाजूंनी गालफुगीसारखं फुगलेलं. "अडीच किलो. ही लाकूड कापत नाही, उलगडते. आता दांडा बघा. असा नाही, तिरका धरून, एक डोळा मिटून."

अलगदरावांनी एक डोळा मिटला. आयुष्यभर त्यांनी लोकांचे कल्ले एका रेषेत आहेत का ते असंच पाहिलं होतं. दांडा सरळ होता आणि पात्याची धार दांड्याच्या बरोब्बर रेषेत.

"आता लाकडाच्या रेषा बघा. वरून खालपर्यंत लांबच लांब गेल्यात ना? हा दांडा टिकेल. हा दुसरा बघा, याच्या रेषा मध्येच बाहेर पळाल्यात. हा एक दिवस हातात तुटणार. रंग लावलेला दांडा तर फुकट दिला तरी घेऊ नका. रंगाखाली काय लपवलंय देव जाणे."

"माणसांचंही तसंच असतं," अलगदराव म्हणाले.

"माणसांना दांडा नसतो, म्हणून पंचाईत होते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी कुऱ्हाड उभी करून त्यांच्या पायाशी धरली, दांडा कमरेच्या जरा वर येतो ना ते पाहिलं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. वर एक साधा चष्माही दिला, डोळ्यात ढलपी उडू नये म्हणून. "फोडणार कोण? मुलगा का?"

"हो, घरचंच माणूस आहे," अलगदराव म्हणाले. तसं ते खोटं नव्हतं.

घरी येऊन पत्र्यामागे, ढिगाच्या आडोशाला बसून त्यांनी कुऱ्हाड उघडली, धारेवर अंगठा ठेवला आणि त्यांना शिसारी आली. ही धार? हिने लोणीसुद्धा कापलं गेलं नसतं! दुकानातल्या बाईंना बिचाऱ्यांना लोखंड कळत असेल, पण धार काय कळणार? धार हा अलगदरावांचा प्रांत होता. आख्ख्या पेठेत त्यांच्यासारखी धार लावणारा दुसरा नव्हता. शिंपी कात्र्या घेऊन यायचे, एकदा तर सर्जनसाहेबांनी मुद्दाम येऊन त्यांचा वस्तरा पाहिला होता.

वस्तरे त्यांनी वाटून टाकले होते, पण धार लावायचे तीन दगड आणि चामड्याचा पट्टा पेटीत जपून ठेवला होता. ते सगळं त्यांनी बाहेर काढलं. बुधवारची उरलेली दुपार, आणि गुरुवारी दुपारी दोन तास. खरखरीत दगड, मग मधला, मग बारीक, मग पट्टा. हात थरथरत होते, पण दगडावर पाणी टाकून दोन्ही हातांनी रेटा दिला की थरथर दबून जायची. गुरुवारी तीन वाजता त्यांनी कुऱ्हाडीचं पातं आपल्या मनगटावर टेकवून अलगद ओढलं. केस साफ. अलगदराव एकटेच हसले. सरपण फोडायला निघालेला माणूस हातावरचे केस काढून खुश होतोय, हे बघायला तिथे कोणी नव्हतं म्हणून बरं.

मग त्यांनी चष्मा लावला, ढिगातला सगळ्यांत मोठा ओंडका निवडला, तो लाकूड फोडायच्या ठोकळ्यावर उभा केला आणि कुऱ्हाड उचलून बरोब्बर मधोमध घातली.

कुऱ्हाड ओंडक्यात चार बोटं शिरली. आवाजही फारसा झाला नाही. आणि तिथेच ती बसली.

अलगदरावांनी ओढून पाहिलं. वर-खाली हलवून पाहिलं. पाय देऊन, पाठ देऊन, शेवटी दोन शिव्या देऊन पाहिलं. कुऱ्हाड हलेना. ओंडका उचलून ढिगाआड लपवावा म्हटलं तर ठोकळ्यावर चढवतानाच घाम फुटला होता, आता कुऱ्हाडीसकट तो त्यांच्या बापाच्यानेही हलला नसता. चारला पाच मिनिटं कमी होती. त्यांनी घाईघाईने दांड्यावर एक ओला टॉवेल टाकला, जणू वाळत घातलाय, आणि वर जाऊन खुर्चीत बसले.

सूनबाई उठून खाली गेली. अंगणात ओंडक्यातून टॉवेल उगवलेला पाहून तिने तो उचलला.

"बाबा!"

ती हाक तीन गल्ल्या ओलांडून गेली असणार.

अलगदराव खाली आले तेव्हा ती दोन्ही पायांनी ओंडक्यावर उभी राहून दांडा हिसडत होती. पाचव्या हिसक्याला कुऱ्हाड सुटली आणि सूनबाई मागे पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर जाऊन बसली. उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पडल्यामुळे नव्हतं.

"काही लागलं असतं म्हणजे? मी बोटीवर काय कळवू? तुमच्या वडिलांनी पायावर कुऱ्हाड मारून घेतली? आणि हे मी खरंखुरं म्हणतेय, बोलण्यातलं नाही!"

"लागलं नाही ना."

"नशीब! बाबा, मला दोन माणसांची काळजी आहे, एक समुद्रावर आणि एक खुर्चीत. निदान खुर्चीतल्याने तरी जिवाला घोर लावू नये." आणि तिने कुऱ्हाड नेऊन कोठीच्या सगळ्यांत वरच्या फळीवर, साखरेच्या पोत्यामागे ठेवली.

त्या संध्याकाळी आमटी वाढताना तिचा हात जरा आपटलाच. अलगदरावांना तिचा राग आला नाही. त्यांना स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त दुःख झालं. एक घाव घातला होता, आणि तोही फुकट गेला होता. उत्तर मिळालं म्हणायचं, आणि ते 'नाही' होतं.

पण माणूस हाडाचा कारागीर असला की त्याला हार मानायच्या आधी हत्यारावर खापर फोडायचं असतं. शुक्रवारी दुपारी ते पुन्हा हार्डवेअरच्या दुकानात हजर.

"बाई, तुमची कुऱ्हाड खोटी आहे. लाकडात रुतून बसते."

"माझी कुऱ्हाड?" बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणलीय?"

"नाही. ती... साखरेमागे आहे. पण धारेत काही कसर नाही सांगतो. मी स्वतः लावलीय." आणि त्यांनी अभिमानाने मनगट पुढे केलं. तिथे केस नसलेला एक गुळगुळीत चौकोन होता.

बाईंनी चौकोनाकडे पाहिलं. मग अलगदरावांकडे. मग काउंटरवर डोकं टेकून त्या इतक्या हसल्या की खिळ्यांचा डबा खाली पडला.

"काका, लाकडाची दाढी करायची होती का हो तुम्हाला?"

अलगदरावांचे कान लाल झाले. पण बाई खिळे गोळा करता करता समजावून सांगायला लागल्या आणि ते ऐकत गेले. फोडायच्या कुऱ्हाडीचं काम धारेने होत नाही, अंगाने होतं. धारेने फक्त दार किलकिलं करायचं. मग मागचे ते फुगलेले गाल लाकडाला दोन्हीकडे ढकलतात आणि लाकूड आपणहून उघडतं. धार फार पातळ केली की ती लाकडाच्या मांसात शिरते, गाल बाहेरच राहतात, आणि मग बसा ओढत. "आणि घाव कुठे घातलात? मध्यावर? तो अख्ख्या ओंडक्याचा सगळ्यांत घट्ट भाग. कडेला घाला. जिथे वाळून चीर पडलेली दिसते तिथे घाला. आणि जोर लावू नका. वर नेईपर्यंत काम तुमचं, खाली येताना तिचं."

"मग आता त्या धारेचं काय करू?"

बाईंनी ड्रॉवरमधून एक कानस काढून पुढे ठेवली. "बोथट करा."

घरी येताना अलगदरावांनी ती कानस अंगापासून लांब धरली होती. तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? पण ज्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट नीट केली, त्याला ती स्वतःच्या हाताने बिघडवायला सांगितली तर कसं वाटेल? पंचेचाळीस वर्षांत त्यांनी एकही धार मुद्दाम मारली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी ते बराच वेळ थांबले, तेव्हा ओळखीच्या एका माणसाने विचारलंसुद्धा, वाट चुकलात का म्हणून.

सूनबाई जागीच होती. बिल-पावत्या बाजूला सारून भट्टीवाल्याची रंगीत पुस्तिका चाळत बसली होती. अलगदराव समोर बसले आणि त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. ते कधी असे हात उघडे ठेवत नसत. खिशात नाहीतर मांडीखाली.

"हे बघ," ते म्हणाले. "नीट बघ."

हात थरथरत होते. टेबलावरची पुस्तिकासुद्धा जराशी फडफडत होती.

"या हातांना बारीक काम जमत नाही. हे तुझ्या आधी मला कळलंय. पण मला बसवत नाही गं, बाळ. मला रोज वाटतं की मी या घरात ठेवलेला माणूस आहे. तू प्रेमाने ठेवलायस, तरी ठेवलेला तो ठेवलेलाच. मला जड काम दे. एकदा तुझ्यासमोर करतो. नाही जमलं तर कुऱ्हाड परत साखरेमागे आणि मी परत खुर्चीत. पुन्हा नाव काढणार नाही."

सूनबाईने पुस्तिका मिटली. मग उठली, स्टुलावर चढली आणि कुऱ्हाड घेऊन आली.

"तीन घाव," ती म्हणाली. "मी इथे उभी आहे. आणि चपला घालून नाही, त्यांचे बूट घाला. पुढून लोखंड लावलेले आहेत, बोटीवरचे."

"आधी एक काम आहे," अलगदराव म्हणाले, आणि पायरीवर बसून कानस घेतली.

पहिल्या फेऱ्याला त्यांनी दात आवळले. धारेवर कानस करकरली आणि दोन दिवसांची मेहनत चमकता भुसा होऊन गुडघ्यावर पडली. दुसऱ्या फेऱ्याला डोळे भरून आले, हे सूनबाईने पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. आठ-दहा फेऱ्यांनंतर मात्र त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ते आता नुसती धार मारत नव्हते. ते गालांपासून टोकापर्यंत एक उतार बसवत होते, दोन्हीकडे सारखा, आणि त्याचंही एक नीटनेटकेपण होतं. चूक करायची तर तीही वेडीवाकडी करून चालत नाही, हे त्यांच्या बोटांनाच ठाऊक होतं. शेवटी अंगठा धारेवर टेकला तेव्हा ती अंगठ्याला बोचली, पण कापेना.

बूट एक माप मोठे होते. त्यांनी मोजे दुहेरी घातले, चष्मा लावला आणि कालचा तोच ओंडका पुढ्यात घेतला. सूनबाई म्हणाली लहान घ्या, पण त्यांनी ऐकलं नाही. ते ओंडक्याभोवती फिरले. एकदा, मग उलट बाजूने पुन्हा एकदा. खुर्चीत नवं गिऱ्हाईक बसलं की ते असेच फिरायचे. केस कुठून उगवतात, कुठे वळतात, कोणत्या बाजूने गेलं की वस्तरा अडणार नाही. इथेही तेच होतं! लाकडाच्या रेषा एका अंगाने सरळ चालल्या होत्या, पलीकडे एका गाठीभोवती गोल फिरल्या होत्या, अगदी डोक्यावरच्या भोवऱ्यासारख्या. आणि भोवऱ्याला समोरून भिडायचं नसतं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. गाठीच्या विरुद्ध बाजूला, कडेपासून आतवर, केसाएवढी एक चीर होती.

"इथे," ते स्वतःशी म्हणाले.

पाय फाकवून ते उभे राहिले. कुऱ्हाड उचलली. आणि तेव्हा त्यांना जाणवलं की अडीच किलोचं लोखंड हाताला थरथरायला फुरसतच देत नाही. डोक्यावर गेलेली कुऱ्हाड जरा डोलली, पण वजनाने आपोआप सरळ झाली. त्यांनी मनगटं सैल सोडली. सैल मनगट ही तर त्यांची जन्माची विद्या. कुऱ्हाड खाली आली.

पहिला घाव चिरेच्या शेजारी पडला. एक ढलपी उडाली, बस.

"एक," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

दुसरा घाव चिरेवर बसला. कुऱ्हाड रुतली नाही. उडून बाहेर आली. ओंडक्याच्या पोटातून कुठूनतरी 'कर्र' असा आवाज आला आणि मग शांत झालं.

"दोन."

अलगदरावांनी श्वास घेतला. त्यांच्या कपाळावरचा घाम चष्म्यावर उतरला होता. तिसऱ्यांदा कुऱ्हाड वर नेताना त्यांनी काहीही ठरवलं नाही, फक्त चिरेकडे पाहिलं. लाकूड मोठ्ठ्यांदा फुटलं. दोन फाळके ठोकळ्याच्या दोन बाजूंना पडले, आणि आतलं लाकूड इतकं कोरडं आणि पिवळंधमक निघालं की त्याचा वास अंगणभर झाला.

सूनबाईने 'तीन' म्हटलंच नाही. ती पुढे आली, एक फाळका उचलून छातीशी धरला आणि म्हणाली, "पुढचा लहान घ्या, बाबा. माझं ऐका जरा."

शनिवारी अलगदरावांनी सकाळी एक तास आणि दुपारी एक तास काम केलं. रविवारी तेवढंच. मधेमधे बसले, पाणी प्यायले, गाठाळ ओंडके बाजूला काढले. एकदा नेम पूर्ण चुकला आणि कुऱ्हाड ठोकळ्यात बसली, तेव्हा तोंडातून निघालेला शब्द इथे सांगण्यासारखा नाही. दोन्ही हातांना फोड आले. रविवारी संध्याकाळी त्यांचं सगळं अंग ठणकत होतं आणि ते अंगणात उभं राहून भिंतीला लावलेल्या राशीकडे पाहत होते.

रास कमी होती. एका दिवसाच्या भट्टीला भिंतीशी कमरेएवढी रास लागायची. दोन दिवसांत त्यांनी दीड रास फोडली होती. कितीही ओढूनताणून धरलं तरी सात दिवसांच्या फोडण्यात पाच दिवसांचीच भट्टी पेटणार होती. लाकूडफोड्या एका सकाळी दोन राशी पाडून बिडी ओढत बसायचा. अलगदरावांनी राशीवर हात ठेवला आणि खाली मान घातली. जमलं होतं, पण पुरेसं जमलं नव्हतं. सूनबाईही बाजूला येऊन उभी राहिली होती. तिने राशीकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं, त्यांच्या फोडांकडे पाहिलं, आणि मलम आणायला गेली.

सोमवारी सकाळी इलेक्ट्रिक भट्टीवाला आला. इस्त्रीचा शर्ट, बॅग, तीच रंगीत पुस्तिका. बेकरीतल्या बाकावर बसून त्याने कागद काढले, पेनाचं टोपण उघडलं आणि सही करायच्या जागेवर बोट ठेवलं. अलगदराव कोपऱ्यात उभे होते.

"नको," सूनबाई म्हणाली.

"म्हणजे? मॅडम, मागच्या आठवड्यात तर तुम्ही..."

"मागच्या आठवड्यात लाकूड फोडायला माणूस नव्हता. आता आहे."

"कोण?"

"आमचे बाबा." तिने मानेने कोपऱ्याकडे खूण केली.

भट्टीवाला माणूस सभ्य होता. तो उठला आणि अलगदरावांशी हात मिळवायला पुढे आला. अलगदरावांना हात द्यावाच लागला. तो हात भट्टीवाल्याच्या मुठीत थरथरत राहिला आणि त्याने चमकून वर पाहिलं. मग सूनबाईकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, पण यांचे हात तर..."

"थरथरतात," सूनबाई मोठ्याने म्हणाली. आजवर त्या घरात हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारला नव्हता. "म्हणून आठवड्यात पाचच दिवसांचं लाकूड होतं. म्हणून आमची बेकरी आता आठवड्यात पाचच दिवस उघडी. मंगळवार-बुधवार बंद."

"दोन दिवस बंद? गिऱ्हाईक तुटेल हो!"

"ज्याला पाव हवाय तो सोमवारी दोन नेईल," ती म्हणाली. "आणि सात वर्षांत मी एकदाही सूर्य उगवल्यावर उठलेली नाही. तेही बघायचंय मला, कसं दिसतं."

भट्टीवाल्याने कागद गोळा केले. जाताना त्याने एक पाव घेतला, आणि दारातच त्याचा कोपरा मोडून तोंडात टाकला. मग परत वळून अजून एक घेतला.

तो गेल्यावर अलगदराव तिथेच उभे होते. हिने आपल्याला सांभाळून घेतलं नव्हतं. हिने आठवडाच्या आठवडा त्यांच्या हातांच्या मापाने आखला होता आणि त्या मापाला कमी म्हटलं नव्हतं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण अशा वेळी त्यांना नेहमी वाकडंच सुचायचं.

"मंगळवार-बुधवार मलाही सुट्टी का?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसली सुट्टी?" सूनबाई पिठाचे हात एप्रनला पुसत म्हणाली. "गुरुवारची रास कोण रचणार? चला, आटपा. उन्हं चढायच्या आत दोन ओंडके होतील."

अलगदरावांनी बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. बोटं थरथरत होती म्हणून गाठ बसायला बराच वेळ लागला. सूनबाई दारात उभी राहून पाहत होती, पण मदतीला आली नाही. मग ते उठले आणि कामावर गेले.